पाऊस, ऊन, थंडी आणि साथीचे आजार : बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनचा पहिला पाऊस पडला की दिवाळीपर्यंत फिरून फिरून हेच प्रश्न येत राहतात. काही दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या जुन्या घरांतून येतात, काही समा, अकोटा, वडसरच्या सोसायट्यांतून. एकाच उत्तराची पुनरावृत्ती नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. हवामानामुळे खरंच रोग होतो, की हा नुसता समज आहे?

रोग जंतूमुळे होतो. हवामान तीन गोष्टी ठरवतं. जंतू शरीराबाहेर किती वेळ तगेल, त्याला वाहून आणणारे डास, माश्या, उंदीर किती वाढतील, आणि माणसं कशी वागतील. ही तिसरी बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाणी कमी आलं की आपण पिंप भरून ठेवतो, पाऊस लागला की दारं-खिडक्या लावून बसतो, पूर आला की गुडघाभर पाण्यातून दूध आणायला जातो. यातल्या प्रत्येक वागण्याला त्याचा त्याचा आजार चिकटलेला आहे.

आणखी एक गोष्ट या सगळ्या पानाला लागू आहे. हवामान आणि ताप यांच्यात दिवसांचं अंतर असतं. आज अंगात भरलेला डेंग्यूचा ताप तीन-चार आठवड्यांपूर्वीच्या पावसाचा असतो. हे दिवस मोजता आले की काय, केव्हा करायचं ते आपोआप कळतं.

2. आज पाऊस पडला, तर डेंग्यू नेमका कधी येईल?

हिशेब असा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो. पावसाने पाणी वर चढलं की अंडी भिजतात आणि फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्याकडच्या पावसाळी हवेत 7 ते 10 दिवस लागतात. मग त्या मादीने डेंग्यू झालेल्या माणसाला चावायला हवं. विषाणू तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोहोचायला 30 अंश तापमानात साधारण साडेसहा दिवस, 25 अंशांत सुमारे 15 दिवस लागतात. ती निरोगी माणसाला चावली की त्याला ताप यायला आणखी 4 ते 10 दिवस.

बेरीज केली तर पहिल्या मोठ्या पावसापासून तीन ते पाच आठवडे. हे झालं पहिल्या फेरीचं. डासांच्या दोन-तीन पिढ्या आणि रुग्णांच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या की साथ दिसू लागते. जूनच्या अखेरीस पाऊस सुरू झाला तरी दवाखान्यांतली गर्दी गणपती ते नवरात्र या दिवसांत होते, याचं कारण हे आहे.

3. आठवड्यातून एकदाच पाणी काढून टाका असं का सांगतात? आणि फक्त ओतून दिलं तर चालतं का?

आठवडा, कारण डास व्हायला कमीत कमी सात दिवस लागतात. सहाव्या-सातव्या दिवशी पाणी फेकलंत तर अळ्या डास होण्याआधीच मरतात. दहा दिवसांनी फेकलंत तर मरायला तिथे कोणी उरलेलंच नसतं.

नुसतं ओतून चालत नाही. तुळशीच्या कुंडीखालची ताटली उचला, पाणी फेका आणि कडेवरून बोट फिरवा. काळ्या मिरपुडीसारखे बारीक कण बोटाला लागतील. ती अंडी. ओतलेल्या पाण्याबरोबर ती जात नाहीत, आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. काथ्याने किंवा ब्रशने कडा घासायच्या, खळबळून धुवायच्या, मग उन्हात पालथं घालायचं.

घरातल्या नेहमीच्या जागा: कूलरची टाकी, फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, देवघरातला कलश, पक्ष्यांसाठी ठेवलेलं कुंडं, गच्चीवरचे टायर आणि रंगाचे डबे, ताडपत्रीच्या घडीत साचलेलं पाणी, टाकीचं फुटकं झाकण. कलश आणि पक्ष्यांचं कुंडं बंद करायची गरज नाही. पाणी बदलताना आतून घासायचं, एवढंच.

अळी कुणाची तेही ओळखता येतं. एडिसची अळी पाण्यात डोकं खाली करून तिरकी लटकते. मलेरियाच्या ॲनॉफिलिसची अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते. टॉर्च मारला की दोन्ही वळवळत तळाला जातात, म्हणून आधी अर्धा मिनिट नुसतं निरखा.

4. धो धो पाऊस झाला की डास वाहून जातात म्हणे. मग जास्त पाऊस चांगलाच ना?

काही दिवसांपुरतं खरं आहे. एकाच दिवसात 100-150 मिमी पाऊस झाला तर गटारं, खड्डे, कुंड्या सगळं वाहून निघतं आणि अळ्याही जातात. त्या आठवड्यात डास कमी वाटतात. पण पाणी ओसरताना मागे हजारो छोटी डबकी ठेवतं आणि तिथून मोजणी पुन्हा सुरू होते. सलग मुसळधार पावसापेक्षा थांबून थांबून पडणारा पाऊस, मध्ये चार दिवस ऊन, डासांना जास्त मानवतो. श्रावणातला ऊन-पावसाचा खेळ त्यांच्यासाठी सर्वांत सोयीचा.

5. मेमध्ये बडोद्यात 42-43 अंश असतात. डास मरत नाहीत का?

उघड्यावर फार टिकत नाहीत. डेंग्यूचा फैलाव 29 अंशांच्या आसपास सर्वांत जोरात होतो आणि 34-35 च्या वर मंदावतो. पण हे आकडे डास जिथे बसतो तिथल्या हवेचे आहेत, वेधशाळेचे नाहीत. एडिस घरात राहतो: पलंगाखाली, पडद्याच्या मागे, खुंटीवरच्या कपड्यांत. बाहेर 43 असताना कूलर लावलेल्या खोलीत 28-30 अंश आणि भरपूर दमटपणा असतो, शिवाय कूलरच्या टाकीत पाणीही. डासाला लागणारं सगळं एका खोलीत.

उन्हाळ्यात पाण्याची टंचाई झाली तर आणखी एक अडचण येते. लोक पिंपं, बादल्या, टाक्या भरून ठेवतात. म्हणून पाऊस न पडताही, किंबहुना न पडल्यामुळे, डेंग्यू वाढू शकतो. साठवलेल्या पाण्यावर घट्ट झाकण किंवा कपडा ताणून बांधा. कपडा मध्ये खचून पाण्याला टेकला तर डास त्यावरूनच अंडी घालतो.

6. थंडीत डेंग्यू का ओसरतो? आणि मग फेब्रुवारीत मलेरिया कुठून आला?

डास साधारण दोन-तीन आठवडे जगतो. 25 अंशांत विषाणूला तयार व्हायला पंधरा दिवस लागतात, त्याहून थंडीत आणखी जास्त. म्हणजे विषाणू लाळेत पोहोचण्याआधी बहुतेक डास मेलेले असतात. मात्र आपली थंडी काश्मीरसारखी नाही. दुपारी 28 अंश असतात, घरं उबदार असतात, त्यामुळे तुरळक रुग्ण जानेवारीतही सापडतात.

मलेरियाचं कोडं वेगळं. डासाच्या शरीरात व्हायवॅक्स परजीवीची वाढ साधारण 16 अंशांखाली थांबते. पण तो माणसाच्या यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहू शकतो. फेब्रुवारीतला ताप सप्टेंबरमध्ये चावलेल्या डासाचा असू शकतो. म्हणूनच व्हायवॅक्सला क्लोरोक्विनच्या तीन दिवसांनंतर प्रायमाक्विनचा 14 दिवसांचा कोर्स देतात. ताप उतरला म्हणून पाचव्या दिवशी गोळ्या सोडणं, हे तो परत येण्याचं एक मोठं कारण आहे. गर्भवतीला प्रायमाक्विन देत नाहीत. जी6पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी टाळू नका.

7. पावसाळ्यात ताप आला. मलेरिया की डेंग्यू हे घरी कसं ओळखायचं?

घरी ओळखू नका. थंडी वाजून ताप, डोळ्यांमागे दुखणं, अंगावर पुरळ ही पुस्तकी लक्षणं अर्ध्या वेळा फसवतात. चाचणी योग्य दिवशी होणं महत्त्वाचं. डेंग्यूची एनएस1 चाचणी (रक्तातला विषाणूचा अंश शोधणारी) तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर आयजीएम (शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी). दुसऱ्याच दिवशी आयजीएम केली आणि निगेटिव्ह आली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. मलेरियाची रक्तपट्टी औषध सुरू करण्याआधी घ्यायची. ती निगेटिव्ह आली आणि ताप तसाच राहिला तर पुन्हा घ्यायची.

निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल: मोठ्यांना 500 ते 650 मिग्रॅ, सहा तासांच्या अंतराने. मुलांना दर वेळी वजनाच्या किलोमागे 10 ते 15 मिग्रॅ. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि नेमकं तेव्हाच रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो. पोटात सतत दुखणं, वारंवार उलटी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, ग्लानी, सहा तास लघवी न होणं यातलं एक जरी दिसलं तरी प्लेटलेटच्या रिपोर्टची वाट पाहू नका, रुग्णालय गाठा.

8. विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी उतरलं. आता कोणता आजार कधी येईल?

दिनदर्शिका काढून बसा. उदाहरणाला ऑगस्ट 2024 चा पूर घेऊ, कारण त्या तारखा बहुतेकांच्या लक्षात आहेत. जन्माष्टमीला, 26 तारखेला, पाऊस लागला होता आणि पुढचे तीन-चार दिवस अनेक वस्त्या पाण्यात होत्या. 28 ऑगस्ट हा दूषित पाण्याशी संपर्काचा दिवस धरा.

जुलाब-उलट्या आणि कॉलरा काही तासांपासून पाच दिवसांत दिसतात. म्हणजे सप्टेंबर उजाडेपर्यंत. लेप्टोस्पायरोसिस (उंदीर-गुरांच्या लघवीतून पाण्यात आलेल्या जंतूंचा ताप, प्रश्न 13) बहुधा 5 ते 14 दिवसांनी, म्हणजे 2 ते 11 सप्टेंबर. त्या वर्षीची गणेश चतुर्थी, 7 तारीख, बरोबर मधोमध. टायफॉइड एक ते तीन आठवड्यांनी. डेंग्यूची पहिली फेरी (हिशेब प्रश्न 2 मध्ये) अनंत चतुर्दशीच्या सुमारास आणि पुढे नवरात्रापर्यंत. कावीळ सर्वांत उशिरा: हिपॅटायटिस ए 15 ते 50 दिवसांनी, ई 15 ते 64 दिवसांनी, म्हणजे पार दिवाळीच्या तोंडाशी.

या शेवटच्या ओळीकडे लक्ष द्या, कळकळीने सांगतो. ऑक्टोबरात डोळे पिवळे झाले तर कोणालाही पूर आठवत नाही. कालची पाणीपुरी आठवते. घरात गर्भवती असेल तर हे विसरून चालणार नाही. हिपॅटायटिस ई शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर दर चार-पाच जणींत एक दगावण्याइतका घातक ठरू शकतो. पुरानंतर निदान दोन महिने तिचं पिण्याचं पाणी उकळलेलंच हवं.

9. सोसायटीच्या खालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं होतं. टाकी कशी साफ करायची?

क्रम चुकवू नका. आधी मोटरचा वीजपुरवठा बंद करा. टाकी पूर्ण उपसा, तळाचा गाळ बादलीने काढा, भिंती ब्रशने घासा. गाळ राहिला तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं आणि जंतूंपर्यंत पोहोचत नाही. लोकांची मेहनत सर्वांत जास्त इथेच वाया जाते.

मग टाकी स्वच्छ पाण्याने भरा आणि दर 1000 लिटरला 150 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घाला (त्यात साधारण 33 टक्के क्लोरीन असतं). हेच पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवा आणि प्रत्येक घरातला नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, म्हणजे पाइपही धुतले जातील. 12 तास तसंच ठेवा. हे पाणी पिऊ नका, सगळं सोडून द्या आणि टाकी नव्याने भरा.

त्यानंतर रोजच्या पाण्यासाठी 1000 लिटरला 2.5 ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा चहाचा चमचा. पावडर थेट टाकीत टाकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता, तळचा साका फेका. तासाभराने पाणी वापरा. बाजारातल्या 0.5 ग्रॅमच्या क्लोरीन गोळीला 20 लिटर पाणी हे नेहमीचं प्रमाण, पण वेष्टनावरचं वाचून खात्री करा.

दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, पावडरची पिशवी मागच्या वर्षी उघडलेली असते. तिचा दर्प गेला असेल तर तिच्यात क्लोरीनही फारसं उरलेलं नाही. दुसरी, जास्त स्वच्छ व्हावं म्हणून कोणी त्यात टॉयलेट क्लीनर मिसळतो. ॲसिडबरोबर ब्लीचिंग मिसळलं की विषारी वायू सुटतो, आणि बंद टाकीत उतरलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

10. घरात आरओ आहे. तरी उकळायचं का?

नेहमीच्या दिवसांत चांगला आरओ पुरेसा. पुरानंतर तीन बाबी पाहा. मशीन पाण्यात बुडालं होतं का? असेल तर फिल्टर आणि मेम्ब्रेन बदलल्याशिवाय वापरू नका. नळाला गढूळ पाणी येतंय का? नुसतं यूव्ही मशीन असेल तर गढूळ पाण्यातून किरण आरपार जात नाहीत आणि जंतू वाचतात. वीज आहे का? नसेल तर साठवण टाकीतलं पाणी किती दिवसांचं आहे ते बघा. प्रश्न 9 मधलं जास्त क्लोरीनचं पाणी आरओमधून जाऊ देऊ नका, मेम्ब्रेन खराब होतं.

उकळायचं असेल तर खदखदून उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट पुरे. बडोदा समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, त्यामुळे वीस मिनिटं गॅस जाळण्याची गरज नाही. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या आणि गाळून घ्या. उकळलेलं पाणी त्याच भांड्यात झाकून गार होऊ द्या. माठात ओतून त्यात हात घालून पेला बुडवला की केलेलं सगळं फुकट. माठाला तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

11. पूर आला नाही, तरी जून-जुलैत जुलाबाची साथ का येते?

नळाला ठरावीक वेळच पाणी येतं म्हणून. पाणी बंद झालं की पाइपातला दाब संपतो, आणि भेग असलेल्या जागी बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. कोरड्या दिवसांत बाहेर मातीच असते. पाऊस पडला की त्याच खड्ड्यात तुंबलेल्या गटाराचं पाणी उभं राहतं. पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं जे येतं ते पिण्यासाठी भरू नका. वास किंवा रंग बदललेला वाटला तर एकट्याने सहन न करता गल्लीतल्या चार घरांची नावं एकत्र करून कॉर्पोरेशनकडे तक्रार द्या; एका गल्लीच्या तक्रारीवरून गळती शोधणं सोपं जातं.

जुलाब सुरू झाले तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरात अंदाजाने करू नका, पेलाभर पाण्यात अख्खं पाकीट तर मुळीच नको. मिठाचं प्रमाण वाढून बाळाला अपाय होतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर 6 सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा. तयार केलेलं 24 तासांनंतर फेका. सहा महिन्यांवरच्या मुलांना सोबत झिंक 20 मिग्रॅ रोज, 14 दिवस. जुलाब थांबले तरी पूर्ण. तांदळाच्या पेजेसारखे पांढरे, पाण्यासारखे जुलाब लागोपाठ होत असतील तर ओआरएस पाजत पाजत थेट रुग्णालय, गरज वाटली तर 108.

12. मग उन्हाळ्यात, पाऊस नसताना, कावीळ आणि टायफॉइड का?

बर्फ, उसाचा रस, लग्नाच्या पंगती आणि टँकरचं पाणी. उष्णतेत 5 ते 60 अंशांच्या दरम्यान ठेवलेल्या अन्नात जिवाणू झपाट्याने वाढतात. दुपारी बाराला केलेला आमरस किंवा भात चार वाजेपर्यंत बाहेर ठेवू नका. काही जिवाणूंचं विष अन्न पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. काविळीच्या दिवसांचा हिशेब प्रश्न 8 मध्ये आहे: अक्षय्य तृतीयेच्या लग्नातली कावीळ जूनमध्ये दिसते आणि दोष पहिल्या पावसाला जातो.

13. पुराच्या पाण्यातून चालत गेलो. लेप्टोची गोळी घ्यावी का?

आपणहून दुकानातून नको. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू पाण्यात येतात आणि पायावरच्या जखमेतून, भिजून मऊ पडलेल्या कातडीतून किंवा डोळ्यांतून शरीरात शिरतात. गुजरातेत सुरत, नवसारी, वलसाडकडच्या भातशेतीत हा आजार जास्त आहे, पण पूर आला की शहरही सुटत नाही. ज्यांना दिवसेंदिवस त्या पाण्यात काम करावं लागतं, उदाहरणार्थ सफाई आणि बचाव पथकं, त्यांना डॉक्टर आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन 200 मिग्रॅ देतात. गर्भवती आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत.

एकदा चालून आला असाल तर पाय साबणाने धुवा, भेगा-जखमा तपासा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते पाहा आणि पुढचे दोन आठवडे, जास्तीत जास्त महिनाभर, लक्ष ठेवा. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, डोळे लाल पण चिपडं नाहीत, असं झालं तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: अमुक तारखेला पुराच्या पाण्यातून गेलो होतो. हे सांगितल्याशिवाय तो साधा व्हायरल वाटतो आणि मूत्रपिंडावर परिणाम होईपर्यंत दिवस निघून जातात.

14. चांदीपुरा डासांनी होतो ना? मग डास मारले की झालं?

नाही. चांदीपुरा हा मेंदूला सूज आणणारा विषाणूजन्य ताप वाळूमाशीने होतो आणि वाळूमाशी साचलेल्या पाण्यात वाढत नाही. मातीच्या भिंतीच्या भेगा, गोठ्यातलं शेण, घराच्या पायथ्याची ओलसर माती ही तिची जागा. जून ते ऑक्टोबरचा दमटपणा तिला मानवतो. त्यामुळे प्रश्न 3 मधली सगळी मेहनत इथे कामाची नाही.

नाव नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावावरून आलं. 1965 मध्ये विषाणू तिथे पहिल्यांदा सापडला. 2003 मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात, 2004 मध्ये पूर्व गुजरातेत साथ आली, आणि जुलै 2024 मध्ये साबरकांठा-अरवल्लीकडून पुन्हा सुरू झाली. झळ बहुतांशी 15 वर्षांखालच्या मुलांना बसते. अचानक जोराचा ताप, उलटी, झटके, बेशुद्धी, आणि हे सगळं 24 ते 48 तासांत. यावर लस नाही, विशिष्ट औषध नाही. वेळेत अतिदक्षता विभाग मिळणं हाच उपाय. मुलाला ताप आणि झटका एकत्र आला तर सकाळची वाट पाहू नका.

भेगा लिंपून घ्या, उकिरडा आणि शेण घरापासून लांब न्या, मुलांना जमिनीवर झोपवू नका. ही माशी मोठी झेप घेत नाही, जमिनीलगत उड्या मारत फिरते. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रातून ती शिरते. बारीक जाळीची किंवा कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी हवी.

15. पावसात भिजल्याने सर्दी होते का? आणि फ्लू वर्षातून दोनदा कसा?

भिजण्याने विषाणू तयार होत नाही. पण सर्दीचा राइनोव्हायरस 33 अंशांच्या आसपास चांगला वाढतो, म्हणजे गार पडलेल्या नाकात. म्हणून आजीचं डोकं पुसायला सांगणं अगदीच निराधार नाही. खरी लागण मात्र बंद खिडक्यांच्या वर्गात आणि बसमध्ये होते.

फ्लूला गुजरातेत दोन हंगाम मिळतात. पावसाळ्यात गर्दी आणि दमट हवा, तर जानेवारी ते मार्च कोरडी थंड हवा, जिच्यात हा विषाणू जास्त वेळ टिकतो. 2015 च्या सुरुवातीला एच1एन1 ची (स्वाइन फ्लूची) मोठी साथ याच दुसऱ्या हंगामात आली होती. साठीच्या वरचे, मधुमेही, दम्याचे रुग्ण आणि गर्भवती यांनी लस एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आधी घेणं बरं. तिचा परिणाम व्हायला दोन आठवडे लागतात. फ्लूचं औषध ओसेल्टामिविर पहिल्या 48 तासांत सर्वांत जास्त उपयोगी पडतं, हेही अशा रुग्णांनी ध्यानात ठेवावं.

16. पावसाळ्यात चिखल्या आणि गजकर्ण दर वर्षी परत येतात. काय चुकतं?

बहुधा मलम. दुकानातून आणलेल्या मिश्र मलमात स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते, आणि सोडलं की दुप्पट उठते. नुसतं बुरशीविरोधी मलम घ्या, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावा, चट्टा गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, ओले मोजे बदला. घरात दोघांना असेल तर दोघांचा उपचार एकदमच हवा, नाहीतर टॉवेलवरून ते एकमेकांना देत राहतात.

17. डोळे येणं, गोवर, कांजिण्या यांचाही हंगाम असतो का?

असतो. डोळे पावसाळ्याच्या दमट दिवसांत येतात. हातरुमाल आणि उशी वेगळी ठेवा. नुसतं पाहिल्याने ते लागत नाहीत. गोवर-कांजिण्या थंडीच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत. गोवराची लस 9 ते 12 महिन्यांत आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांत. हंगाम पाहून पुढे ढकलू नका.

18. धुराची फवारणी करून घेतली. आता निश्चिंत राहायचं का?

धुराने त्या क्षणी उडणारे डास मरतात. अळ्या आणि अंडी तशीच राहतात, आणि एडिस तर घरात पडद्यामागे बसलेला असतो. रुग्ण सापडलेल्या घराभोवती तातडीने केली तर तिचा उपयोग आहे, कारण विषाणू घेऊन फिरणारे डास तिथेच असतात. फवारणीवेळी दारं-खिडक्या उघड्या ठेवा, अन्न-पाणी झाका, दमेकऱ्यांना तासभर बाहेर न्या. सोसायटीचा पैसा मोजकाच असेल तर आधी टाक्यांची झाकणं आणि जाळ्या, मग फवारणी.

19. यंदा पाऊस जास्त सांगितलाय. म्हणजे साथ नक्की?

नक्की नाही. 1908 मध्ये पंजाबात अतिवृष्टीनंतर मलेरियाची भयंकर साथ आली, आणि मलेरियाचे ब्रिटिश संशोधक ख्रिस्तोफर्स यांनी 1911 मध्ये तिचा अभ्यास मांडताना पावसाबरोबर धान्याची महागाईही कारणांत धरली. उपाशी माणसं जास्त मेली. पावसाचा आकडा तेव्हाही एकटा पुरेसा नव्हता.

डेंग्यूचे चार प्रकार आहेत. शहरात गेली दोन वर्षं एकच प्रकार फिरला असेल तर त्याच्याविरुद्ध बऱ्याच जणांत प्रतिकारशक्ती असते आणि भरपूर पाऊस होऊनही साथ मंद राहते. नवा प्रकार आला की बेताच्या पावसातही भडकते. एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेलेल्याला दुसरा झाला तर तो गंभीर होण्याची शक्यता जास्त, म्हणून आधी होऊन गेला आहे हे डॉक्टरांना सांगा.

20. दसरा झाला, पाऊस थांबला. आता पुरे ना?

दिवाळीपर्यंत आठवड्याचा घासण्याचा दिवस चालू ठेवा. नवरात्रातल्या पावसाचा हिशेब प्रश्न 2 प्रमाणे पुढे जातो. दिवाळीच्या साफसफाईत कूलर आवराल तेव्हा टाकी नुसती रिकामी करून माळ्यावर चढवू नका. गवताच्या जुन्या पॅड जाळू नका, पिशवीत बांधून कचरागाडीत द्या. टाकीच्या चारही भिंती, विशेषतः पाण्याचा पांढरा डाग पडलेली रेषा, काथ्या आणि साबणाने घासा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा, मग पालथी ठेवा. एप्रिलमध्ये कूलर उतरवला की पाणी भरण्याआधी तीच रेषा पुन्हा एकदा घासायची.